दोन कंस दोनदा छेदतात: बिंदूंच्या स्थानांतरणाचं एक प्रकरण

## पार्श्वभूमी

मी भूमिती शिकवते. ज्या गटाबद्दल लिहिते आहे त्यात चौदा-पंधरा वर्षांची पाच मुलं होती. त्यांची ओळख पटेल असं सगळं वगळलं आहे. आकृती मात्र त्या दिवशी कागदावर होती तशीच ठेवली आहे, कारण जे घडलं ते त्या आकृतीमुळेच घडलं.

काम वरवर साधं होतं. कोऱ्या कागदावर रेख अब दिलेली, तिच्यावर अ पासून ब कडे बाण. शेजारी एक चौकोन पफभय. बाणाची जेवढी लांबी तेवढंच आणि बाणाची जी दिशा तिकडेच चौकोनाचा प्रत्येक शिरोबिंदू सरकवायचा, आणि नवा चौकोन प′फ′भ′य′ काढायचा. साधनं दोनच: कंपास आणि खुणा नसलेली पट्टी. कोनमापक नाही, गुण्याही नाही.

गुण्या मी मुद्दाम काढून घेतला होता. पट्टीला लावून गुण्या सरकवला की समांतर रेषा आपोआप मिळते. दिशा जपण्याचं काम साधन करतं, आणि ते केव्हा झालं हे मुलाला कळतही नाही. स्थानांतरणात लांबी आणि दिशा अशा दोन गोष्टी जपायच्या असतात. त्यातली दिशा नेमकी कुठून येते, हे त्यांना स्वतःच्या हातानं दिसावं अशी माझी इच्छा होती.

आदल्या तासाला मी पद्धत दाखवली होती. प केंद्र धरून अब एवढ्या त्रिज्येचा कंस काढायचा. ब केंद्र धरून अप एवढ्या त्रिज्येचा दुसरा कंस काढायचा. ते जिथे छेदतील तो प′. कारणही सांगितलं होतं: पप′ ही अब एवढी आणि बप′ ही अप एवढी, म्हणजे चौकोन अबप′प च्या सम्मुख भुजा एकरूप, म्हणून तो समांतरभुज, म्हणून पप′ ही अब ला समांतर. फळ्यावर प हा बिंदू अ च्या थोडा वर घेतला होता, दरवेळी घेते तसा. आणि कंस काढले होते ते अगदी छोटे, जिथे उत्तर येणार हे मला आधीच माहीत होतं तेवढ्याच जागेत. या दोन सवयींकडे पुढे परत यावं लागेल.

वाचकाला स्वतः काढून पाहता यावं म्हणून आकृतीचे निर्देशक देते, सगळे सेंटीमीटरमध्ये. मुलांच्या कागदावर हे आकडे नव्हते. अ (०, ०), ब (६, २). चौकोन: प (−३, ०), फ (−२, ४), भ (१, ५), य (३, १). प्रत्येक बिंदू ६ उजवीकडे आणि २ वर गेला पाहिजे, म्हणून खरी उत्तरं: प′ (३, २), फ′ (४, ६), भ′ (७, ७), य′ (९, ३). रेख अब ची लांबी सुमारे ६.३.

## अडचण

गटातली एक मुलगी फार काळजीपूर्वक काम करणारी. तिनं छोटे कंस न काढता पूर्ण वर्तुळं काढली. फ′ आणि भ′ अचूक आले. प′ मात्र तिनं जवळपास (३.३, ०.७) या जागी घेतला, म्हणजे खऱ्या जागेपासून १.३ सेमी दूर. य′ खऱ्या जागेपासून अर्धा सेंटीमीटर खाली सरकला होता.

चूक होणं नवीन नाही. मला विचार करायला लावलं ते तिच्या पडताळणीनं. कंपासाचं टोक प वर ठेवून तिनं पप′ आणि अब ताडून पाहिले: जुळले. बप′ आणि अप ताडून पाहिले: जुळले. मग तिनं चौकोनाच्या बाजू घेतल्या. फभ आणि फ′भ′ जुळल्या. पय आणि प′य′ यांच्यात मिलिमीटरभराचाही फरक नव्हता. खाली तिनं लिहिलं, "तपासलं, बरोबर."

मी स्वतः कागद हातात घेतला तेव्हा आधी पप′ आणि अब यांचीच तुलना केली, आणि बरोबरची खूण करणारच होते. कागद खाली ठेवताना सहज लांबून नजर गेली. नव्या चौकोनाची डावी बाजू जरा जास्तच उभी आणि लांब दिसत होती. मोजली तेव्हा पफ ४.१ आणि प′फ′ ५.३ निघाली.

म्हणजे तिनं चार तपासण्या केल्या आणि चारही बरोबर आल्या. पहिल्या दोन तर बरोबर येणारच होत्या, कारण तो बिंदू त्याच दोन अंतरांवरून काढला होता. ज्या अटीवरून बिंदू मिळवला तीच अट परत तपासली तर तिच्यातून नवं काही कळत नाही. चौथी तपासणी मात्र योगायोगानं जमली. प′ चुकीच्या जागी आणि य′ सुद्धा थोडा हललेला, तरी त्यांच्यातलं अंतर ६.१ च्या आसपासच राहिलं.

तिला विचारलं, "इथे दोन छेदनबिंदू दिसतायत. तू खालचाच का घेतलास?"

ती म्हणाली, "बाई, तो अब च्या जास्त जवळ होता. मला वाटलं, अब सारखाच जायचंय तर जवळचाच असणार."

शेजारच्या मुलाचा कागद पूर्ण बरोबर होता. त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो लगेच म्हणाला, "दोन आले की वरचा घ्यायचा."

तेव्हा लक्षात आलं की अडचण एका कागदापुरती नाही. चुकलेल्या कागदामागे एक अंदाज होता आणि बरोबर आलेल्या कागदामागेही अंदाजच होता. फरक एवढाच की एकाचा अंदाज या आकृतीत लागू पडला.

## दोन बिंदू का येतात

पर्यायांकडे जाण्याआधी हे नीट पाहू.

प केंद्र असलेलं वर्तुळ आणि ब केंद्र असलेलं वर्तुळ दोन ठिकाणी छेदतात. केंद्रांना जोडणारी रेषा पब. दोन्ही छेदनबिंदू या रेषेच्या दोन बाजूंना, आरशातल्या प्रतिमेसारखे असतात. एक प′, दुसऱ्याला ट म्हणू. ट सुद्धा प पासून अब एवढ्याच अंतरावर आणि ब पासून अप एवढ्याच अंतरावर असतो. लांब्यांच्या पातळीवर प′ आणि ट यांच्यात काहीच फरक नाही.

मग मी दिलेली सिद्धता कुठे फसली? सम्मुख भुजा एकरूप असतील तर चौकोन समांतरभुज, हे खरं, पण चौकोन सरळ असेल तर, म्हणजे त्याच्या बाजू एकमेकींना ओलांडत नसतील तर. अबटप या क्रमानं बिंदू जोडले की ज्या आकृतीच्या बाजू एकमेकींना ओलांडून जातात, तिच्याही सम्मुख भुजा एकरूप असतात आणि तरीही ती समांतरभुज नसते. फळ्यावर छोटे कंस काढल्यामुळे ही दुसरी आकृती कुणाला दिसलीच नव्हती. मी चुकीचं काही सांगितलं नव्हतं. पण सिद्धतेतली एक अट हातानं पाळून दाखवली होती आणि तोंडानं सांगितली नव्हती.

प′ आणि ट यांच्यातलं अंतर, अ हा रेषा पब पासून जितका दूर त्याच्या दुप्पट असतं. भ साठी हे अंतर ९.६ सेमी येतं. चुकीचा बिंदू कागदाच्या भलत्याच टोकाला जातो, कुणी तो घेणार नाही. प साठी ते फक्त १.३ सेमी आहे, कारण प हा अब च्या रेषेच्या अगदी जवळ आहे. तिथे दोन्ही उमेदवार शेजारी-शेजारी उभे राहतात.

य ची गोष्ट वेगळी, पण मूळ तेच. य हा अब वरच आहे. दोन वर्तुळं तिथे छेदत नाहीत, आतून स्पर्श करतात. कागदावर स्पर्शबिंदू कधीच बिंदूसारखा दिसत नाही. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली तर ६.३ आणि ३.२ त्रिज्यांची ही दोन वर्तुळं स्पर्शबिंदूच्या दोन्ही बाजूंना साधारण ८ मिमी एकमेकांत मिसळलेली दिसतात. दीड सेंटीमीटरहून लांब अशा त्या काळ्या पट्ट्यातली कुठलीही जागा "हाच तो" वाटू शकते. मुलीचा अर्धा सेंटीमीटर तिथूनच आला.

मधल्या परिस्थितीतही हे दिसतं. कंस ज्या कोनात छेदतात तो कोन म्हणजे ∠बअप, किंवा तो विशाल असेल तर त्याचा पूरक. भ साठी हा कोन ६०° आहे, तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या दोन रेघांचा छेद १ मिमी लांब होतो. प साठी तो जेमतेम १८° आहे आणि छेद ३ मिमी लांब होतो. हात कितीही स्थिर असला तरी ही अस्पष्टता आकृतीतच असते.

## समोर असलेले पर्याय

नियम सांगून मोकळं होणं. प′ आणि अ हे रेषा पब च्या विरुद्ध बाजूंना असतात. कारण अप′ आणि पब हे समांतरभुजाचे कर्ण आहेत आणि कर्ण एकमेकांना छेदतात. एका वाक्यात काम झालं असतं. पण कारण न कळता घेतलेला नियम "वरचा घ्यायचा" या नियमापेक्षा फार वेगळा राहत नाही. शिवाय य ला त्याचा उपयोग शून्य.

कोन जसाच्या तसा काढून समांतर रेषा घेणं. रेषा पअ काढायची, अ पाशी अब शी होणारा कोन प पाशी संगत कोन म्हणून काढायचा, आणि मिळालेल्या किरणावर अब एवढं अंतर घ्यायचं. दिशा इथे उघडपणे हाताळली जाते, हा मोठा गुण. पण संगत कोन कुठल्या बाजूला काढायचा हा निर्णय शिल्लक राहतोच. प्रत्येक बिंदूला कंस जास्त लागतात, आणि कोनात १° ची चूक झाली तर ६.३ सेमीवर बिंदू १.१ मिमी हलतो. य साठी हीही पद्धत लागू नाही, कारण समांतर काढण्यासारखी वेगळी रेषाच नाही.

कर्णांचा मध्यबिंदू वापरणं. समांतरभुजाचे कर्ण एकमेकांना दुभागतात. म्हणून पब चा लंबदुभाजक काढून मध्यबिंदू म मिळवायचा. अम जोडून पुढे वाढवायची. म केंद्र आणि मअ त्रिज्या घेऊन त्या रेषेला पलीकडच्या बाजूला छेदायचं. तो प′. इथे निवड उरतच नाही: दोन छेदांपैकी एक खुद्द अ असतो, दुसरा प′. य साठीही ही रचना तशीच चालते, कारण मध्यबिंदू रेषेवरच असला तरी तो स्पष्ट मिळतो. म ठरवताना झालेली चूक प′ मध्ये दुप्पट होते, पण त्याहून फारशी वाढत नाही. किंमत म्हणजे प्रत्येक बिंदूला तीन वर्तुळं आणि तीन रेषा, तर दोन कंसांच्या पद्धतीत फक्त दोन कंस.

आधी सरकलेल्या बिंदूचा आधार घेणं. भ′ नक्की झाला की भभ′ ही रेखसुद्धा अब एवढी, तिला समांतर आणि त्याच दिशेची. मग य सरकवायला अब कशाला हवी? भभ′ घ्या. भ पासून पाहिलं तर य साठी कंस ८२° च्या कोनात छेदतात, म्हणजे जवळजवळ काटकोनात. प साठी फफ′ घेतली तर कोन ५७° च्या वर येतो. रचना तीच, फक्त पाया बदलला. धोका एकच: भ′ मध्ये चूक असेल तर ती य′ मध्ये उतरते.

मला स्वतःला चौथा पर्याय सगळ्यात आवडतो. स्थानांतरणाचा गाभाच त्यात आहे: सगळ्या बिंदूंचं सरकणं एकच, म्हणून कुठल्याही बिंदूचा बाण दुसऱ्याला उसना देता येतो. पण पहिला उपाय म्हणून तो दिला असता तर मुलं अवघड जागा टाळायला शिकली असती, आणि ती अवघड का आहे हा प्रश्न मागेच राहिला असता.

## काय केलं

पहिला निर्णय: उत्तर न सांगता मुलांच्याच नियमांची परीक्षा घ्यायची. फळ्यावर तिन्ही नियम लिहिले. तिसरा तोवर आणखी एका मुलीनं सुचवला होता: "प ज्या बाजूला, प′ सुद्धा अब च्या त्याच बाजूला." हा विचार चांगला होता. खरा प′ नेहमीच त्या बाजूला असतो.

"अब च्या जवळचा" हा नियम प नंच मोडला होता. "वरचा" या नियमासाठी मी बाणाच्या खाली एक बिंदू दिला, ल (४, −२). मुलानं वर्तुळं काढली. छेद (१०, ०) आणि (२, ४) या ठिकाणी आले. वरचा घेतला तर ल वरून निघालेली रेघ डावीकडे वर जात होती, आणि बाण उजवीकडे. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि मग स्वतःच त्यानं तो नियम खोडला.

तिसऱ्या नियमासाठी दिलेला बिंदू मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो: श (४, ८). छेद येतात (१०, १०) आणि (−२, ६). दोन्ही अब च्या त्याच बाजूला, जिकडे श आहे. नियम निवड करू शकत नाही. आणि गंमत पुढेच आहे. श पासून (−२, ६) पर्यंत रेघ काढली तर ती अब एवढीच येते आणि अब ला खरोखर समांतर असते. फक्त उलट्या दिशेनं जाते. ∠अबश काटकोन असल्यामुळे इथे चुकीचा छेदनबिंदू म्हणजे नेमकं उलटं स्थानांतरण होतं.

त्या वेळी वर्गात शांतता पसरली. तोवर सगळ्यांचं असं मत झालं होतं की समांतर आणि समान लांबी एवढं जमलं की काम झालं. इथे दोन्ही जमलं होतं आणि तरी उत्तर चूक होतं. ज्या मुलीचा कागद चुकला होता तीच म्हणाली, "म्हणजे कंपासाला अंतर कळतं, कुठे जायचं ते कळत नाही."

मग मी युक्लिडच्या 'एलिमेंट्स' ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातलं ३३ वं प्रमेय वाचून दाखवलं. समान आणि समांतर रेषांची टोकं जोडली तर जोडणाऱ्या रेषाही समान आणि समांतर असतात, असं ते सांगतं. पण त्यात एक अट आहे: टोकं एकाच दिशेनं जोडलेली हवीत. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराच्या त्या मजकुरात ही अट सुटलेली नाही. मी फळ्यावर ती सोडून दिली होती.

त्यानंतरच कर्णांचा विचार पुढे आणला. समांतरभुजाचे दोन कर्ण कुठले, ते कुठे छेदतात, मग प′ आणि अ रेषा पब च्या कुठल्या बाजूंना? नियम मुलांनीच शब्दांत मांडला. ल आणि श वर तपासला, दोन्हीकडे टिकला. आणि कर्ण समोर आल्यावर मध्यबिंदूची रचना वेगळी शिकवावी लागली नाही. "मग सरळ मध्यबिंदूच काढू की," असं कुणीतरी म्हटलं.

दुसरा निर्णय य बद्दलचा. वेळ संपत आला होता आणि य साठी "रेषेवरचा बिंदू असेल तर पट्टीनं रेषा वाढवा आणि कंपासानं अब एवढं अंतर बाणाच्या दिशेनं पुढे घ्या" असं सांगून टाकता आलं असतं. ते अचूक आहे आणि सगळ्यात सोपंही. मी ते सांगितलं, पण त्याआधी स्पर्शाचा काळा पट्टा सगळ्यांना भिंगातून पाहायला लावला. प आणि ब एकच बिंदू असेल तर काय, हेही विचारलं. तेव्हा दोन वर्तुळं एकच होतात आणि छेदनबिंदू उरतच नाही. मध्यबिंदूच्या रचनेत मात्र म म्हणजे ब च, आणि अब तेवढीच पुढे वाढवली की उत्तर मिळतं.

## काय झालं

पुढच्या तासाला त्या मुलीनं चौकोन पुन्हा काढला. प′ तिनं दोन वाटांनी मिळवला: एकदा मध्यबिंदूनं, एकदा फफ′ चा आधार घेऊन. दोन खुणांमध्ये साधारण एक मिलिमीटर अंतर राहिलं आणि तिनं ते लपवलं नाही, दोन्ही खुणा कागदावर ठेवल्या. ही पडताळणी मला पहिल्या दिवशीच्या चार तपासण्यांपेक्षा कितीतरी जास्त विश्वासाची वाटते, कारण दुसरी वाट पहिल्या वाटेवर अवलंबून नाही.

"वरचा" वाल्या मुलाला मध्यबिंदूची रचना पसंत पडली नाही. फार रेघा होतात, असं त्याचं म्हणणं. तो दोन कंसांवरच राहिला, पण प्रत्येक बिंदूआधी पब ही रेषा पुसटशी काढून अ कुठल्या बाजूला आहे ते लिहू लागला. मी आग्रह धरला नाही. त्याच्या पद्धतीत निर्णय आता लिहिलेला होता, मला तेवढंच हवं होतं.

आठवड्यानं हेच काम संगणकावर केलं. त्या प्रोग्रॅममध्ये वर्तुळ काढायचं एकच साधन होतं: केंद्र निवडा आणि वर्तुळ ज्या बिंदूतून जायला हवं तो बिंदू निवडा. कंपास उघडा धरून एकीकडचं अंतर दुसरीकडे नेता येत नव्हतं. युक्लिडचा कंपासही असाच, कागदावरून उचलला की मिटणारा, असा समजला जातो, आणि म्हणूनच त्याच्या पहिल्या पुस्तकातलं दुसरं प्रमेय एखादी लांबी दुसऱ्या बिंदूपाशी कशी न्यायची यासाठी खर्च होतं. दोन कंसांची रचना इथे अडली. मध्यबिंदूची रचना जशीच्या तशी चालली. प केंद्र आणि ब मधून जाणारं, ब केंद्र आणि प मधून जाणारं, म केंद्र आणि अ मधून जाणारं: तिन्ही वर्तुळांना माहीत असलेला बिंदू हजर आहेच.

ज्या मुलांनी अंतर नेण्याची युक्ती करून दोन कंसांची रचना तरीही उभी केली, त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. प ला धरून अब च्या रेषेच्या वरून खाली ओढलं, आणि रेषा ओलांडल्यावर प′ भलतीकडेच निघून गेला. प्रोग्रॅम पब च्या एकाच बाजूचा छेद धरून बसला होता, आणि अ आता रेषेच्या दुसऱ्या बाजूला आला होता. मध्यबिंदूवाला प′ शांतपणे सोबत सरकत राहिला.

## आज पुन्हा करायचं तर

आकृती मी विचार न करता काढली होती. य अब वर पडला हे कागद वाटल्यावर कळलं. अशी जागा आकृतीत असायलाच हवी, पण दुसऱ्या टप्प्यात, आणि मला आधी माहीत असताना. पहिल्याच कागदावर निवडीची चूक आणि स्पर्शाची अस्पष्टता एकत्र आल्यामुळे मुलीला कळेना की तिचं नेमकं कुठे चुकलं. दोन आजार एकाच वेळी आले की लक्षणं मिसळतात.

कच्ची आकृती आधी मागायला हवी होती. प पासून हातानंच एक बाण, अब च्या दिशेनं, अंदाजे तेवढ्याच लांबीचा. दहा सेकंदांचं काम. तो बाण कागदावर असता तर (३.३, ०.७) कडे गेलेली रेघ लगेच खटकली असती, निदान प्रश्न तरी पडला असता.

बरोबर आलेल्या कागदांना मी "का" हा प्रश्न उशिरा विचारला, तोही योगायोगानं. त्या दिवशी प आणि य ऐवजी दुसरे बिंदू असते तर सगळे पाच कागद बरोबर आले असते आणि "वरचा घ्यायचा" हा नियम त्या मुलासोबत पुढच्या वर्गात गेला असता.

एका बाबतीत मी अजून ठाम नाही. श चा बिंदू लवकर द्यावा की उशिरा? लवकर दिला तर समांतर, समान आणि त्याच दिशेनं या तीन अटी पहिल्याच दिवशी वेगळ्या होतात. पण मुलांना तो धक्का बसला याचं कारण तोवर त्यांचा दोन अटींवर पूर्ण विश्वास बसला होता. सध्या तरी मी तो उशिराच देते.

फळ्यावर आता प हा बिंदू अब च्या रेषेजवळ घेते आणि वर्तुळं पूर्ण काढते. दोन्ही छेदनबिंदू ठळक करते. रचनेच्या पायऱ्यांमध्ये पूर्वी दोन ओळी असायच्या, आता तिसरी असते: "प′ असा घ्या की अ आणि प′ हे रेषा पब च्या विरुद्ध बाजूंना असतील, प हा रेषा अब वरच असेल तर रेषेवरच बाणाच्या दिशेनं अब एवढं अंतर घ्या."